कानावर पडलेलं गाणं

पूर्वी घरात कुणी "माझं कानातलं हरवलं" असं म्हटलं की सगळं घर कामाला लागायचं. केर काढणं बंद, मोरीत पाणी ओतणं बंद, अंथरुणं झटकायची नाहीत. कुणी बॅटरी घेऊन खाटेखाली, कुणी दारातल्या तुळशीपाशी. एक कुडी म्हणजे काय थोडकं सोनं? आजही घरोघरी कानातलं हरवतं. फक्त ते सोन्याचं नसतं; शेंगदाण्याएवढा प्लास्टिकचा तुकडा असतो. आणि शोधायची पद्धत तीच आहे. खाटेखाली बॅटरी मारायची. बॅटरी आता मोबाईलची, एवढाच काय तो फरक.

तर मंडळी, आज विषय आहे इअरबड्स. बिनतारी बड्स. "यात संस्कृती कुठे आली?" असं कुणी विचारेल. मला तर गेली काही वर्षं असं वाटतंय की आपल्या घरातल्या संगीताचं जे काही चाललंय ते बघायचं असेल तर सभागृहात जाऊ नका, कानात बघा.

आधीच सांगून टाकतो, मी बड्सचा शत्रू नाही. माझ्या खिशात या क्षणी एक डबी आहे. फोंडा-पणजी प्रवासात मी ते घालतो आणि किशोरीताई ऐकतो. त्यातलं सुख मला ठाऊक आहे. ताना सोडा, तान घेण्याआधीचा श्वाससुद्धा ऐकू येतो. स्वरमंडळावरून फिरलेलं बोट कळतं. घरातल्या जुन्या टेपरेकॉर्डरवर हे कधी ऐकू आलं नव्हतं. तेव्हा "आमच्या वेळी काय ते गाणं!" छापाचं रडगाणं मला गायचं नाही. माझी तक्रार वेगळी आहे, आणि ती मांडायला जरा वेळ लागणार आहे.

गाणं एकट्यानं ऐकायची सोय काही बड्सनी आणली नाही. ती आणली वॉकमननं. सोनीचा पहिला वॉकमन जपानमध्ये १ जुलै १९७९ रोजी विक्रीला आला. त्याची एक गंमत फार थोड्यांना ठाऊक असते. त्या पहिल्या यंत्राला हेडफोनसाठी एक नाही, दोन भोकं होती, आणि एक नारिंगी बटण होतं. ते दाबलं की गाणं हळू होऊन यंत्रातल्या माइकमधून शेजारच्याचं बोलणं ऐकू यायचं. सोनीचे अकिओ मोरिता यांनी हे आग्रहानं करून घेतलं होतं. दुसऱ्यासमोर एकट्यानंच गाणं ऐकत बसणं हा उद्धटपणा आहे, असं त्यांना वाटत होतं! त्यांच्या पत्नीच त्यांच्यावर वैतागल्या होत्या म्हणे. पुढे लक्षात आलं की लोकांना दुसरं भोक नकोच आहे. ज्याला त्याला आपलं यंत्र आपल्यापुरतं हवं आहे. मग ते बटणही गेलं आणि भोकही गेलं. एका माणसाचा संकोच यंत्राच्या रचनेत उतरला होता, आणि गिऱ्हाइकांनी तो पुसून टाकला. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते.

तरी वॉकमनला वायर होती. वायर असली की निदान दिसायचं तरी, की हा माणूस ऐकतोय. शिवाय एक बोंडूक तू घे, एक मी घेतो, असं करत कदंबाच्या सीटवर दोघांनी एक गाणं ऐकलेलं आठवणारे पुष्कळ असतील. (त्यातल्या काहींची पुढे लग्नंही झाली, पण तो विषय वेगळा.) मग सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं आयफोनमधून हेडफोनचं भोकच काढून टाकलं आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात एअरपॉड्स बाजारात आणले. आपल्याकडे तेव्हा त्यांची किंमत पंधरा हजारांच्या घरात होती. लोक हसले. कानातून टूथब्रश बाहेर आल्यासारखा दिसतो म्हणाले. आणि पाच-सात वर्षांत बड्स हजार रुपयांच्या आत आले, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात फोनच्या कव्हरांशेजारी टांगले गेले. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात; ही तर थेट कानातच आली.

बिनतारी आवाज कसा येतो तेही थोडक्यात सांगतो, कारण त्यात एक संगीतकार आहे. फोनमधलं गाणं ब्लूटूथच्या लहरींवरून बड्समध्ये येतं. या लहरी एका जागी थांबत नाहीत. ७९ वेगवेगळ्या वाहिन्यांवरून त्या सेकंदाला १६०० उड्या मारतात, म्हणजे शेजारच्याच्या ब्लूटूथशी किंवा घरातल्या वायफायशी टक्कर व्हायची भीती कमी. अशा उड्या मारण्याच्या एका युक्तीचं पेटंट १९४२ साली अमेरिकेत दोघांना मिळालं होतं. एक हॉलिवूडची नटी हेडी लमार आणि दुसरा पियानोवादक-संगीतकार जॉर्ज अँथाइल. पाणतीराला दिलेले रेडिओ संदेश शत्रूला अडवता येऊ नयेत म्हणून त्यांनी ते सुचवलं होतं, आणि पियानोच्या ८८ पट्ट्यांसारख्या ८८ कंपनसंख्या त्यात होत्या. ब्लूटूथ थेट त्यांच्यापासून जन्मलं असं म्हणता येणार नाही, पण कूळ तेच. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नजर कुठे कुठे पोचते बघा. असो.

आता बड्सच्या बाजूनं बोलतो, कारण ती बाजू खरी आहे आणि आमच्या वयाचे लोक ती मुद्दाम विसरतात.

गोव्याच्या खाजगी बसमधून ज्यानं प्रवास केला आहे त्याला मी आवाजाबद्दल काय सांगावं? ड्रायव्हरच्या डोक्यावर एक स्पीकर, मागच्या दाराशी एक, आणि ड्रायव्हरच्या आवडीचं जे असेल ते सगळ्यांनी ऐकायचं. सकाळी परीक्षेला निघालेल्या मुलीनं ऐकायचं, इस्पितळात निघालेल्या म्हाताऱ्यानंही ऐकायचं. त्यात आता फोनवर मोठ्यानं व्हिडिओ बघणारे आले. आणि हे करणारी तरुण पोरं नसतात हो! आमच्याच वयाचे काका असतात. सकाळच्या प्रहरी 'सुप्रभात'चे संदेश, त्यामागची बासरी, मग कुणाचं तरी भाषण, सगळं पूर्ण आवाजात. पोरं बिचारी बड्स घालून गप्प बसलेली असतात. सार्वजनिक शिस्तीचा धडा द्यायचाच झाला तर तो त्यांनी आपल्याला द्यावा.

पाळोळेंच्या किनाऱ्यावर तर या बिनतारी ऐकण्याचा एक वेगळाच अवतार झाला. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आली. मग तिथे हेडफोन घालून नाचायच्या पार्ट्या सुरू झाल्या. प्रत्येकाच्या डोक्यावर बिनतारी हेडफोन, दोन-तीन वाहिन्यांवर दोन-तीन डीजे, ज्याला जे हवं ते त्यानं लावायचं. बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काय, तर शे-दोनशे माणसं वाळूत नाचताहेत आणि आवाज फक्त लाटांचा आणि पायांचा. मी एकदा बाजूला उभा राहून पाहिलं. आधी हसू आलं. मग वाटलं, शेजारच्या गावकऱ्याला झोप मिळते आहे, यांना नाच मिळतो आहे, मग वाईट काय? वागातोर-हणजुणच्या लोकांनी रात्री-अपरात्रीच्या दणदणाटाविरुद्ध काय काय केलं आहे ते आठवलं की ही पाळोळेंची तोड सोन्याची वाटते.

आणि एक बाजू आहे जी पुरुषमंडळींच्या सहसा लक्षात येत नाही. घरातला रेडिओ कुणाच्या हातात होता? टीव्हीचा रिमोट कुणाच्या हातात होता? माझ्या ओळखीतल्या एक बाई आहेत, वय साठीच्या पुढे. एकत्र कुटुंबात जन्म गेला. सासऱ्यांना बातम्या हव्या, नवऱ्याला क्रिकेट, मुलांना कार्टून. आता भाकऱ्या थापताना त्यांच्या एका कानात बड असतो आणि त्या बेगम अख्तर ऐकतात. "मला गझल आवडते हे आमच्या घरात कुणाला ठाऊकच नव्हतं," असं त्या एकदा म्हणाल्या. अशा बाईला मी समूहश्रवणाचं महत्त्व सांगायला जाऊ? माझ्यात तेवढं धाडस नाही.

म्हणजे गोंगाट कमी झाला, आवडीचं स्वातंत्र्य मिळालं, आवाजही पूर्वीपेक्षा स्वच्छ. मग अडलं कुठे?

अडलं एका साध्या मराठी क्रियापदापाशी. गाणं आपण 'ऐकतो', तसंच ते आपल्या 'कानावर पडतं'. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऐकण्यात निवड आहे. कानावर पडण्यात निवड नाही. आणि माझं म्हणणं असं की आपल्या संगीताची परंपरा निम्म्याहून अधिक कानावर पडण्यावर चालली होती. बड्सनी ऐकणं वाढवलं. कानावर पडणं मात्र जवळजवळ संपवलं.

दोन गोष्टी सांगतो, दोन्ही प्रसिद्ध आहेत. पहिली गदगची. भीमसेन जोशी लहान होते. वाटेवरच्या एका दुकानात ग्रामोफोन वाजत असे. त्यावर अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी त्यांच्या कानावर पडली, आणि असं गाणं आपल्याला आलं पाहिजे या वेडानं तो मुलगा १९३३ साली, अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घर सोडून निघाला. त्याच्याही आधी तो बँडच्या आणि भजनाच्या मागे चालत चालत भलतीकडेच जाऊन झोपून जायचा, म्हणून वडिलांनी त्याच्या सदऱ्यावर 'जोशी मास्तरांचा मुलगा' असं लिहून ठेवलं होतं, ही हकीकतही अनेकांनी वाचली असेल. यात ऐकायला म्हणून मुलगा कुठेच गेला नव्हता. दुकानदारानं गिऱ्हाइकांसाठी तबकडी लावली होती. बँड लग्नासाठी वाजत होता. गाणं रस्त्यावर सांडलेलं होतं, ते त्यानं उचललं.

दुसरी गोष्ट आपल्या गोव्याची. मोगूबाई कुर्डीकर. १९०४ साली कुर्डीला जन्मलेल्या. तो गाव पुढे साळावलीच्या धरणात गेला. मे महिन्यात पाणी उतरलं की त्याचे अवशेष वर येतात आणि लोक बघायला जातात. नाटक कंपनीतून बाहेर पडल्यावर मोगूबाई सांगलीत होत्या. खोलीत बसून रियाज करायच्या. त्याच सुमारास अल्लादिया खाँसाहेब उपचारासाठी सांगलीला आले होते आणि त्यांची जायची-यायची वाट त्या घरावरून होती. रोज तो आवाज त्यांच्या कानावर पडे. एक दिवस ते थेट घरातच आले आणि तिला गायला सांगितलं. पुढे त्यांनी तिला शिकवलं. खाँसाहेब आहेत हे आधी तिला ठाऊकसुद्धा नव्हतं असं सांगतात. तिथून पुढे मोगूबाई, मोगूबाईंकडून किशोरीताई, आणि मी बसमध्ये बड्स घालून जे ऐकतो ते.

आता कल्पना करा, खाँसाहेबांच्या कानात बड्स आहेत. बाहेरचा आवाज बंद करणारे, उत्तम प्रतीचे. सांगलीच्या त्या रस्त्यावरून ते आपल्याच घराण्याचं काही ऐकत निघून गेलेत. संपलं!

तुम्ही म्हणाल ही अतिशयोक्ती आहे. असेल. पण आपल्या स्वतःच्या घराकडे बघा. मला पन्नासेक नाट्यपदं तोंडपाठ येतात. त्यातलं एकही मी निवडून ऐकलेलं नाही. वडिलांना आवडायचं, आकाशवाणी पणजीवर लागायचं, आणि मी जवळच कुठेतरी गृहपाठ करत नाही तर आंबे खात असायचो. तेव्हा मला ती पदं आवडायचीही नाहीत. 'काय ते सारखं आ आ आ' असंच वाटायचं. मला हवी होती किशोरकुमारची गाणी. पण नको असलेलं ते गाणं कानांत साठत गेलं आणि तिशी उलटल्यावर एक दिवस एका मैफलीत अभिषेकीबुवांची चाल सुरू झाली तेव्हा लक्षात आलं की पुढची जागा काय येणार ते मला ठाऊक आहे. ही जी ठेव आहे ती वडिलांनी मला दिली असं म्हणावं तर त्यांनी काहीच केलं नव्हतं. ते फक्त स्वतःसाठी गाणं लावायचे, आणि ते गाणं घरभर व्हायचं.

मी माझ्या मुलीला अशी ठेव काय दिली? मी बड्समध्ये ऐकतो. ती बड्समध्ये ऐकते. तिची आई सकाळी फिरायला जाताना ऐकते. आमच्या घरात चार माणसं आहेत आणि दिवसाला निदान सहा-सात तासांचं गाणं चालतं. इतकं गाणं माझ्या लहानपणी घरात कधीही नव्हतं. आणि घर शांत! माझी किशोरीताई माझ्या डोक्यात वाजते आणि तिथेच विरते. शेजारी बसलेल्या मुलीला माझ्या आवडीचा उष्टा घासही मिळत नाही, आणि तिच्या आवडीचा मला.

यावर भाचा म्हणतो, "मामा, सगळं यूट्यूबवर आहे. ज्याला हवं तो शोधील." खरं आहे. मी असा एक मुलगा पाहिला आहे की ज्यानं घरात कुणीही गाणारं-ऐकणारं नसताना फोनवर केसरबाई शोधून काढल्या. केरीच्या केसरबाई, ज्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर ताऱ्यांकडे गेली. साडेतीन मिनिटांची ती तबकडी आता हजार रुपयांच्या बड्समध्ये कुणालाही ऐकता येते, हे नाकारून कसं चालेल? पण शोधायला नाव ठाऊक असावं लागतं. जे नाव कधी कानावर पडलंच नाही ते शोधणार कसं? आणि फोन तुम्हाला पुढचं गाणं सुचवतो तो कशावरून? तुम्ही आधी काय ऐकलंत यावरून. म्हणजे तुम्हाला आवडेल तेच. गदगच्या दुकानदारानं त्या मुलाची आवड विचारून तबकडी लावली नव्हती.

चवथीच्या घुमट आरतीचं घ्या. मातीचं मडकं, एका तोंडावर कातडं, दुसरं उघडं. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं, फार चांगलं झालं. शिकवणीचे वर्गही निघालेत. पण आमच्या पिढीत घुमट कुणी वर्गात शिकलं नाही. घरोघर आरतीला जाणाऱ्या मेळाच्या कडेला उभं राहायचं, हातात झांज असली तर नशीब, नाहीतर टाळ्या. आरत्यांचे शब्द निम्मे चुकीचे पाठ व्हायचे. दोन-तीन चवथी अशा गेल्या की हात आपोआप मांडीवर ठेका धरायचे आणि मग कुणीतरी मोठा म्हणायचा, "घे, वाजव." गेल्या काही वर्षांत मी बघतो, कडेला उभी असलेली पोरं आरती चालू असतानाही एका कानात बड ठेवून असतात. ती उद्धट नाहीत. देवाला नमस्कार करतात, प्रसाद घेतात, मोठ्यांच्या पाया पडतात. फक्त त्यांचा एक कान दुसरीकडे असतो. आणि ठेका अर्ध्या कानानं अंगात उतरत नाही.

वास्कोचा दामोदर सप्ताह ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारं चोवीस तासांचं अखंड भजन. रात्री तीनला तुम्ही रस्त्यानं चाललात तरी आवाज येत असतो. तो कुणासाठी लावलेला नसतो, आणि म्हणूनच सगळ्यांसाठी असतो. फुगे विकणाऱ्यासाठीही असतो. श्रद्धेचा भाग जरा बाजूला ठेवा. नुसतं कानांच्या हिशेबानं बघितलं तरी, एका अख्ख्या शहराच्या कानावर एकाच वेळी एकच गोष्ट पडते असे प्रसंग आता उरलेत किती?

(ध्वनिक्षेपकांचा अतिरेक मला मान्य नाही हे पुन्हा सांगतो, नाहीतर पत्रं येतील.)

गाणं शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना, कारण हल्ली पुष्कळ विद्यार्थी बड्समध्ये तानपुऱ्याचं ॲप लावून रियाजाला बसतात. बोटांनी दोन्ही कान बंद करा आणि षड्ज लावा. आपलाच आवाज डोक्यात घुमायला लागेल. कान बंद झाला की हाडांवाटे येणारा आपला आवाज आतच कोंडतो, खालचे सूर फुगतात, आणि बाहेर काय जातं आहे ते नीट कळत नाही. रबरी टोपीचे बड्स घट्ट बसवून गायलात की हेच होतं. जुने गवई एका कानावर हात ठेवून गाताना दिसतात, पण दुसरा कान मोकळा असतो, ते उगाच नाही. दुसरं, साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला उशीर होतो, कधी कधी पाव सेकंदापर्यंत. नुसतं गाणं ऐकताना हे कळत नाही. पण फोनवरच्या पेटीची पट्टी दाबून बघा, सूर मागाहून येतो. मध्यलयीत पाव सेकंद म्हणजे केवढं अंतर, हे तबलजीला विचारा. तेव्हा रियाजाला तानपुरा स्पीकरवर लावा. घरच्यांना त्रास होईल? होऊ दे की. तेवढंच त्यांच्या कानावर पडेल.

कानांच्या प्रकृतीबद्दल मी बोलणं बरं नव्हे. सोनारानंच कान टोचलेले बरे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली याबाबतचं मानक काढलं. मोठ्यांसाठी हिशेब असा: ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत चालेल. आवाज ३ डेसिबलनी वाढला की वेळ निम्मा करायचा. म्हणजे ९० डेसिबलवर आठवड्याला जेमतेम चार तास. कानाच्या आतल्या केसासारख्या ज्या पेशी आवाज टिपतात त्या माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. बसच्या घरघरीवर मात करायला आपण आवाज किती चढवतो ते आठवा. इथे मात्र महागड्या बड्समधल्या गोंगाट कापण्याच्या सोयीचा उपयोग होतो. त्यातला माइक बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याचीच उलटी लहर कानात सोडतं, दोन्ही एकमेकींना मारतात. इंजिनाच्या सलग घुमण्यावर हे फार छान चालतं आणि मग गाणं हळू ठेवता येतं. फक्त स्कूटरवर नको. गोव्याच्या रस्त्यांवर मागून काय येतंय ते न ऐकणं म्हणजे जिवाशी खेळ.

आणखी एक रुखरुख. माझी पहिली जोडी दोन वर्षांनी थकली. उजवा बड अर्ध्या तासात मान टाकायचा. फोंड्यातल्या एका दुकानात घेऊन गेलो, तर तिथल्या मुलानं डबी उघडूनही पाहिली नाही. "हे दुरुस्त होत नाही, अंकल. नवीन घ्या." दोष त्याचा नव्हे. प्रत्येक बडमध्ये एक आणि डबीत एक अशा तीन बॅटऱ्या, सगळं गोंदानं चिकटवलेलं; उघडायचं म्हणजे फोडायचं. आमच्याकडे वडिलांचा ट्रान्झिस्टर अजून आहे. त्याचा पट्टा तीनदा बदलला, आतलं काहीतरी दोनदा. वाजतो. खरखरतो, पण वाजतो. ऐकायचं साधन पिढीकडून पिढीकडे जाणं हीही एक गोष्ट होती. बड्स कुणी कुणाला वारसाहक्कानं देणार नाही. कानातलं असूनही!

मग करायचं काय? बड्स फेकून द्या असं मी म्हणत नाही. मी स्वतः फेकणार नाही. आमच्या घरी गेल्या चवथीपासून एक प्रयोग चालू आहे, तो सांगतो. दिवेलागणीनंतर अर्धा तास सगळ्यांचे बड्स डबीत. एक छोटा स्पीकर ओसरीवर. एक दिवस एकाची पाळी, ज्याची पाळी त्यानं हवं ते लावायचं, बाकीच्यांनी 'बंद कर' म्हणायचं नाही. ऐकलंच पाहिजे असंही नाही. भाजी निवडा, पेपर वाचा, उठून जा. फक्त कानावर पडू द्या.

पहिले काही दिवस कठीण गेले, लपवत नाही. मुलीच्या पाळीला कोरियन गाणी लागली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि डोकं उठलं होतं. भाचा राहायला आला की रॅप असतं. त्यात शिव्या आहेत हे आईला कळत नाही ही देवाची कृपा. पत्नीनं आपल्या पाळीला आशाबाईंची अशी काही गाणी काढली जी तिला आवडतात हे मला पंचवीस वर्षांच्या संसारात ठाऊक नव्हतं. माझ्या पाळीला मी मोगूबाई लावल्या तेव्हा मुलगी फोनवर बोट फिरवत बसली होती. मान वरसुद्धा केली नाही. चालेल.

आई ब्याऐंशी वर्षांची आहे. तिला कमी ऐकू येतं आणि श्रवणयंत्र ती लावत नाही. तिची पाळी गुरुवारी असते. ती स्पीकरला हात लावत नाही, स्वतःच म्हणते. आवाज कापतो, मधले शब्द गळतात, आणि मग ती थांबून विचारते, "पुढचं काय गो?" गेल्या गुरुवारी अडली तेव्हा पुढची ओळ स्वयंपाकघरातून आली. मुलीनं म्हटली होती, चहा गाळता गाळता.